भोगलेल्यांचे म्हणणे

2025 मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्याची शेते खरवडून नेली, शाळेत पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद पेटला आणि राज्य सरकारला आदेश मागे घ्यावा लागला. दोन्हींवर या अंकात लेख आहेत. संपादकांना मात्र वर्षभर सलत राहिले ते थिएटरमधले खिदळणे. चित्रपटाआधीच्या तंबाखूविरोधी जाहिरातीतल्या मुकेशची आजही टवाळखोर नक्कल करतात.

मुकेश भुसावळचा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितले, की गुटखा खाल्ला तो वर्षभरच. 2009 मध्ये, 24 व्या वर्षी तो तोंडाच्या कर्करोगाने गेला. हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणांच्या खिशात तेव्हाही पुडी असते, याचा संताप येतो.

पण दोष एकट्या प्रेक्षकांचा नाही. आजार भोगलेल्या माणसाकडून अशा मोहिमा फक्त पश्चात्ताप मागतात. ‘माझे चुकले’ एवढे त्याने म्हटले की काम झाले! पुडी कोणी बनवली, शाळेजवळच्या टपरीवर कोणी ठेवली, हे त्याला विचारलेच जात नाही. त्याच पडद्यावर मग नामांकित नट वेलचीच्या नावाने पानमसाल्याचा ब्रँड मिरवतात.

मध्य प्रदेशातल्या भिंडच्या सुनीता तोमर याहून पुढे गेल्या. केंद्र सरकारच्या जाहिरातीत त्यांचा शस्त्रक्रियेने विद्रूप झालेला चेहरा देशाने पाहिला होता. तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापण्याचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायचा होता. तो लांबणीवर पडतोय हे कळताच त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. त्याच 1 एप्रिलला, 28 व्या वर्षी, त्या वारल्या. नियम लागू झाला वर्षाने. सरकारला त्यांचा चेहरा हवा होता. त्यांची मागणी मात्र थांबवून ठेवता आली.

शरद पवारांनी स्वतःचा तोंडाचा कर्करोग कधी लपवला नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध करायला हवे होते, असे ते जाहीरपणे म्हणाले. तरी 2015 मध्ये त्याच रोगाने त्यांच्याच पक्षाचे नेते आर. आर. पाटील गेले. तंबाखूबंदीच्या सभांना टाळ्या देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तळहातावर आजही तंबाखू मळणे चालूच असते.

या अंकाचा विषय ‘आवाज’. म्हणून हेही इथेच सांगायला हवे: स्वरयंत्र काढलेला रुग्ण गळ्याच्या छिद्रावर बोट दाबून बोलतो, एकेक शब्द जोर लावून. आरोग्य खात्याने पुढची जाहिरात अशा माणसाला घेऊन करावी. तव्यावर तंबाखू भाजून मिसरी लावणाऱ्या, कुठल्याच जाहिरातीत न दिसणाऱ्या बायांनाही त्यात बोलवावे. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असलेला गुटखा गावात कोण आणून विकतो, हे त्यांना विचारावे. आणि उत्तर कापू नये.