उत्तर देणारा संपादक

वर्गणीदार कसे वाढवावेत, हे विचारणारी पत्रे छोटी मासिके चालवणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंकडून आम्हाला नेहमी येतात. वाचकांकडून आलेल्या पत्रांचे काय करावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आम्हाला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. पत्राला उत्तर मिळाले की वाचक मासिकाशी बांधला जातो, आणि असा वाचक सहसा वर्गणी थकवत नाही.

याचे एक जुने उदाहरण पाहा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ मध्ये निघाले. संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी तोवर सुटलेली होती. मासिकाचा विषय असा, की अंक घरात उघडा ठेवण्याचीही अनेकांना चोरी. तरीही १९५३ मध्ये कर्वे गेले तोपर्यंत ते चालले. या चिकाटीला पत्नी मालतीबाईंची साथ होती, हे आवर्जून सांगायला हवे. पण मासिकाला वाचक टिकले कशामुळे? आमच्या मते, प्रश्नोत्तरांमुळे. घरात, डॉक्टरांकडे, मित्रांतही ज्या शंका काढता येत नव्हत्या, त्या लोक कर्व्यांना लिहून पाठवत. कर्वे त्यांना शास्त्राच्या आधाराने, आडपडदा न ठेवता अंकातून उत्तर देत.

१९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तो अशाच उत्तरांवरून. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयाला वाहिलेल्या मासिकाला वाचकाने शंका विचारली, तर तिचे उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही.

कर्व्यांनी वाचकाची मनधरणी कधी केली नाही. वाचकाला न रुचणारे ते बेधडक छापत. त्यामुळे ‘वाचकांशी जवळीक’ म्हणून आज जे सांगितले जाते, म्हणजे वाढदिवसाचे संदेश, सवलतीच्या योजना, मुखपृष्ठावर आभार, त्यात आमचे मन रमत नाही. विचारलेल्याला उत्तर मिळते, एवढी खात्री वाचकाला पुरते.

ती खात्री देणे आपल्या हातात आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या वर्गणीदारांची संख्या शेकड्यांत किंवा फार तर चार-दोन हजारांत. एवढ्या वाचकांच्या पत्रांना पोच देता येते. न छापलेल्या पत्रालाही द्यावी, आणि का छापले नाही ते एका ओळीत सांगावे. चूक दाखवणारे पत्र आले, तर चूकदुरुस्ती पुढच्याच अंकात, सहज दिसेल अशा जागी यावी. टीकेच्या पत्राची धार संपादनात बोथट करू नये. लांबी कमी करावी लागली, तर पत्रलेखकाला विचारून करावी.

एक अडचण नवी आहे. वर्गणी मनीऑर्डरने यायची तेव्हा कूपनवर चार ओळींची जागा असे, आणि वाचक तिथे मनातले लिहून जात: अमुक लेख आवडला, तमुक लेखक नको, अंक उशिरा मिळतो. आता यूपीआयने पैसे येतात. नाव आणि रक्कम कळते, माणूस कळत नाही. वर्गणीची पावती पाठवताना ‘मागच्या अंकातले काय खटकले?’ एवढा एक प्रश्न तिच्यावर छापावा, असे आम्ही सुचवतो. ‘काय आवडले’ असे विचारू नये. त्याचे उत्तर लोक भिडेखातर देतात.

पुढील अंकापासून या मासिकाची दोन पाने अशा पत्रव्यवहारासाठी राखली आहेत. ज्या पत्राला काय उत्तर द्यावे हे तुम्हाला सुचले नाही, त्याची नक्कल पाठवा. वाचकाचे नाव-गाव काढून टाका, आणि तुम्ही शेवटी काय केले, तेही कळवा. काहीच केले नसेल, तरी पाठवा.