आधी शिकवा, मग राखण सांगा



भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव वसईच्या मोहिमेतील गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे इतिहासाला ठाऊक आहे. आज या भागाची ओळख निराळी आहे. भाताच्या खाचरांच्या जागी मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत आणि रात्रंदिवस मालमोटारींची ये-जा चालू असते. गोदाम म्हटले की फाटकाशी कुत्रा हवाच. तो कसा तयार करावा याविषयी आपल्याकडे एक ठरलेला सल्ला मिळतो: पिल्लू असतानाच साखळीला बांधा, माणसांत मिसळू देऊ नका, चुकले की काठी दाखवा, मग पाहा कसा तिखट निघतो!

हा सल्ला क्रूर तर आहेच, पण तो चुकीचाही आहे. अशाने कुत्रा राखणदार होत नाही, केवळ भित्रा होतो. आणि भ्यालेला कुत्राच पुष्कळदा चावतो.

पिल्लाच्या आयुष्यात सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या काळात जे जे भेटते ते त्याला आपले वाटू लागते. अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या शास्त्रज्ञांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही पिल्ले कुंपण घातलेल्या आवारात माणसाच्या सहवासाविना वाढवली. निरनिराळ्या वयांत एकेका गटाला आठवडाभर माणसांचा सहवास दिला. काही पिल्लांना मात्र चौदा आठवड्यांपर्यंत तो मिळालाच नाही. ही शेवटची पिल्ले पुढे माणसाला बुजतच राहिली. त्यांना गळ्यात पट्टा घालून चालवणेही कठीण झाले. साखळीला बांधून एकटे ठेवलेले पिल्लू नेमका हाच काळ गमावत असते.

तुम्ही विचाराल, "आमच्या आजोबांच्या कुत्र्याला कोणी शिकवले होते? तो तर शहाणा होता!" बरोबर आहे. पण त्याला गावाने शिकवले होते. तो अंगणात मोकळा वाढला. पोरांनी त्याला उचलले, गाईने शिंग दाखवले, बैलगाडी शेजारून गेली, पाहुणे आले आणि गेले. हे सारे शिक्षणच होते. आज अंगण आक्रसले आहे आणि रस्त्यावर मालमोटारी आहेत. पूर्वी जे आपोआप घडत होते, ते आता जाणूनबुजून घडवावे लागेल.

मग शिकवायचे कसे? याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना खटक्याच्या पेटीत ठेवून पाहिले. ज्या हालचालीने दार उघडून अन्न मिळे, ती हालचाल मांजर पुढच्या वेळी अधिक लवकर करी. रशियात पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की, अन्नाशी वारंवार जोडलेल्या खुणेनेही तोंडाला पाणी सुटते. पुढे स्किनर यांनी या ज्ञानाला शास्त्रशुद्ध शिक्षणपद्धतीचे रूप दिले. मानसशास्त्रात यालाच अभिसंधान म्हणतात. सार एवढेच, की ज्या कृतीमागोमाग सुख मिळते ती कृती वाढते. यातील 'मागोमाग' हा शब्द अधोरेखित करा. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे. उशीर झाला तर कुत्रा ते बक्षीस भलत्याच कृतीशी जोडतो.

'बस' शिकवण्याचे उदाहरण घ्या. खाऊचा तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्या. नाक वर जाते तसा मागचा भाग आपोआप खाली येतो. तो जमिनीला टेकताक्षणी "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. कृती बसली की मग तिला 'बस' हा शब्द जोडा. आपण नेमके उलटे करतो: आधी दहादा शब्द ओरडतो, मग पाठ दाबतो, शेवटी चिडतो.

असे पाच शब्द पुरेसे आहेत: त्याचे नाव, बस, थांब, ये आणि सोड. घरातील सर्वांनी तेच शब्द वापरावेत. दादा 'बस' म्हणणार आणि आजी 'खाली' म्हणणार, तर पिल्लाने कोणाचे ऐकावे? आणि 'ये' म्हणून बोलावून कधीही रागावू नका, कारण मग तुमच्याजवळ येणे हीच त्याला शिक्षा वाटेल.

काठीचे समर्थक म्हणतात, माराने काम लवकर होते. वरवर तसे दिसतेही. परंतु मार काय करू नये एवढेच सांगतो. काय करावे ते सांगत नाही. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे धाक आणि शिक्षा यांवर भर होता, तेथील कुत्र्यांत ताणाची चिन्हे अधिक दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले.

राखणीचेच पाहा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या भुंकण्यातून मालकाला काय कळते? काहीच नाही. रोजचा चालक कोण आणि अनोळखी कोण हे ज्याला उमगते, त्याचेच भुंकणे ही खरी सूचना असते. हा भेद माणसांत वाढलेला कुत्राच करू शकतो.

आता निवाऱ्यातील कुत्र्यांविषयी. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतील भटकी कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर मतभेद असू शकतात. परंतु निवाऱ्यात गेलेल्या कुत्र्याला बाहेर पडण्याची एकच चांगली वाट आहे, ती म्हणजे कोणाचे तरी घर. अंगावर उड्या मारणारा किंवा पट्टा पाहून कोपऱ्यात दडणारा कुत्रा कोण घरी नेईल? म्हणून निवाऱ्यात अन्न आणि लस यांच्या जोडीला रोजचे थोडे शिक्षणही असले पाहिजे, असे माझे मत आहे. ती चैन नाही, ते त्या कुत्र्याचे भवितव्य आहे.

"रस्त्यावरचा कुत्रा काय शिकणार?" असे म्हणू नका. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कसलेही शिक्षण न मिळालेल्या भटक्या कुत्र्यांना हाताने भांडे दाखवले. बरीच कुत्री बिचकून जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांपैकी बहुतेकांनी दाखवलेल्या भांड्याकडे धाव घेतली. म्हणजे बुद्धीची उणीव नाही, अडसर भीतीचा आहे. म्हणून निवाऱ्यातील मोठ्या कुत्र्याला आधी काही दिवस स्थिरावू द्यावे. त्याच्याकडे रोखून पाहू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. बाजूला वळून बसावे, खाऊ टाकावा आणि तो आपणहून येईपर्यंत वाट पाहावी. काही कुत्र्यांची भीती पूर्ण जात नाही हेही खरे. चावऱ्या कुत्र्याचे काम पशुवैद्य आणि जाणकार शिक्षकांवरच सोपवावे.

तुम्ही काय कराल? घरी लस टोचलेले पिल्लू असेल, तर मोठ्यांच्या देखत हा प्रयोग करा. रोज फक्त पाच मिनिटे, दहा वेळा 'बस' म्हणा आणि किती वेळा तो बसला ते वहीत मांडा. पंधरा दिवसांनी आलेख काढा. बक्षीस लगेच दिले तर काय होते आणि पाच सेकंदांनी दिले तर काय होते, हे शिक्षकांनी वर्गात चर्चेला घ्यावे. खाऊ म्हणून भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे चालतील. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा मुळीच नको. रस्त्यावरच्या, विशेषतः पिल्ले असलेल्या, कुत्रीजवळ जाऊ नका. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जाऊन लस घ्या.

पुढच्या वेळी अंजूरच्या किंवा तुमच्या गावच्या रस्त्यावर साखळीला हिसके देणारे पिल्लू दिसले, तर त्याच्या मालकाला एवढेच विचारा: "काका, हे किती आठवड्यांचे आहे?" उत्तर चौदाच्या आतले असेल, तर अजून वेळ गेलेली नाही हे त्यांना जरूर सांगा.