वनस्पतिजन्य, पण सिद्ध?

हाड मोडले की कांडवेल, हा आपल्याकडचा जुना उपाय. आता हाडांच्या ठिसूळपणावर शिसमाच्या पानांचा अर्क आणि सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन पुढे येत आहेत. शिसमावर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने केलेले काम मोलाचे आहे. पण इप्रिफ्लेव्होनचा अनुभव विसरता येणार नाही. आयसोफ्लेव्होनच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेले हे औषध युरोपात रजोनिवृत्त ४७४ स्त्रियांवर तीन वर्षे तपासले गेले. २००१ मध्ये निष्कर्ष आला: हाडांची झीज थांबली नाही, उलट काहींच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी घटल्या. ‘हर्बल’ गोळ्या विकणाऱ्यांकडून सरकारने अशाच मानवी चाचण्यांचे निकाल मागावेत. तोवर डॉक्टरांनी दिलेले औषध कोणत्याही आजीने परस्पर बंद करू नये.