करविभागाचा प्रमुख : कमावता की राखणदार?

शिक्षकाचा किंवा कारकुनाचा प्राप्तिकर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. किती कर भरावा आणि केव्हा भरावा, याचा फारसा विचार करण्यास त्याला वावच नसतो. मोठ्या कंपनीचे तसे नसते. आपला कर ठरविण्यासाठी ती स्वतंत्र विभाग बाळगते. त्यात सनदी लेखापाल असतात, कायद्याचे जाणकार असतात आणि या सर्वांच्या वर एक प्रमुख असतो. या प्रमुखाचे नाव बाहेरच्या जगाला क्वचितच ठाऊक असते. पण सरकारी तिजोरीत किती रक्कम पडावयाची, याचा निर्णय पुष्कळ अंशी त्याच्या टेबलावर होतो. म्हणूनच या पदावर कोणत्या गुणांची माणसे चढतात, हा केवळ कंपन्यांचा घरगुती प्रश्न राहत नाही.

एके काळी हे काम म्हणजे हिशेब खात्याचा एक कोपरा होता. विवरणपत्र भरावे, अधिकाऱ्यापुढे सुनावणीस जावे, निकाल विरुद्ध गेला तर अपील करावे, एवढ्यात ते संपत असे. गेल्या पंचवीस वर्षांत ही स्थिती पालटली. एकाच समूहातील निरनिराळ्या देशांतल्या कंपन्यांनी परस्परांशी केलेल्या व्यवहारांच्या किमती तपासणारे सविस्तर नियम 2001 मध्ये आले. केवळ कर टाळण्यासाठी रचलेले व्यवहार बाजूला सारण्याचा अधिकार खात्याला एप्रिल 2017 पासून मिळाला. त्याच वर्षी 1 जुलैला वस्तू व सेवा कर सुरू झाला. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारा 2025 चा कायदाही 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे. साहजिकच करविभागाचा प्रमुख आता संचालक मंडळाचा सल्लागार होऊन बसला आहे. वाणिज्य शाखेच्या हुशार विद्यार्थ्याने या मार्गाकडे पाहावे, यात गैर काहीच नाही.

प्रश्न आहे तो या अधिकाऱ्याचे काम मोजावयाचे कशाने, हा. नफ्याच्या मानाने कर शेकडा किती पडला, हे आकडे भागधारक पाहतात. तो कमी दिसला की प्रमुखाची पाठ थोपटली जाते. मोजपट्टी एवढीच राहिली, तर कर ही देणेदारी न राहता कमाईची बाब बनते.

ही वाट कोठे जाते, हे एन्रॉनने दाखविले. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेली ही अमेरिकन कंपनी डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे अमेरिकन संसदेच्या करविषयक संयुक्त समितीच्या कर्मचारीवर्गाने तिची करप्रकरणे तपासली आणि फेब्रुवारी 2003 मध्ये विस्तृत अहवाल दिला. एन्रॉनमध्ये करविभागाला धंद्याच्या इतर शाखांसारखीच एक शाखा मानण्यात येत होते आणि उत्पन्नाची वार्षिक उद्दिष्टेही नेमून दिली जात होती, असे त्यात आढळले. गुंतागुंतीचे व्यवहार रचावयाचे आणि त्यांतून ताळेबंदावर नफा दाखवावयाचा, हेच त्या विभागाचे कर्तृत्व ठरले होते. त्या विभागात बुद्धीची वाण नव्हती. नव्हता तो 'हे करता येणार नाही' असे सांगणारा आणि सांगूनही पदावर टिकणारा माणूस.

याचा अर्थ, खाते मागेल तेवढा कर निमूटपणे भरणे म्हणजे प्रामाणिकपणा, असा नव्हे. व्होडाफोनने 2007 मध्ये हचिसनचा भारतातील दूरध्वनी व्यवसाय घेतला, तो परदेशातील एका कंपनीचे भाग विकत घेऊन. खात्याने सुमारे 11 हजार कोटी रुपयांच्या कराची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये खात्याची बाजू उचलून धरली, तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये कंपनीची. त्यानंतर सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल विरुद्ध गेला आणि 2021 मध्ये संसदेने ती पूर्वलक्षी मागणी मागे घेतली. कायद्याच्या अर्थाविषयी खराखुरा मतभेद असू शकतो आणि तो न्यायालयात नेणे हा नागरिकाप्रमाणे कंपनीचाही हक्क आहे. किंबहुना सरकारच कायदा डळमळीत ठेवील, तर कंपन्या राखणदारांऐवजी लढवय्येच पदरी बाळगतील.

मात्र मतभेद आणि बनवाबनवी यांत अंतर आहे. मॅकडॉवेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितले होते की, कायद्याच्या चौकटीतील करनियोजन रास्त असले तरी फसवे मुखवटे चढविलेले व्यवहार त्यात बसत नाहीत. ही रेषा नेमकी कोठून जाते, याचा वाद पुढेही चालू राहिला. पण प्रत्येक व्यवहारात ती प्रथम आखतो तो न्यायाधीश नव्हे, तर कंपनीचा करप्रमुख. प्रकरण न्यायालयात पोहोचेपर्यंत वर्षे लोटलेली असतात.

या विभागाची दुसरी बाजू पगारदारांच्या अधिक जवळची आहे. कंपनी स्वतःचा कर भरते, तशीच ती सरकारच्या वतीने इतरांचा कर गोळाही करते. पगारातून कापलेला कर आणि ग्राहकाकडून घेतलेला वस्तू व सेवा कर हा पैसा कंपनीचा नव्हे, ती त्याची केवळ विश्वस्त असते. किंगफिशर एअरलाइन्स आर्थिक संकटात सापडली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारजमा होत नसल्याचे 2012 च्या सुमारास उघडकीस आले होते. रोकड आटली की या पैशावर प्रथम हात पडतो. तो हात धरणारा कोणी कंपनीत असावयास हवा.

परंतु असा हात धरण्याचे बळ कायद्याने कोणाला दिले आहे? 2013 चा कंपनी कायदा मोठ्या कंपन्यांत मुख्य वित्त अधिकारी आणि कंपनी सचिव नेमणे बंधनकारक करतो, त्या यादीत करप्रमुखाचा उल्लेखही नाही. तो बहुधा वित्त अधिकाऱ्याच्या हाताखाली असतो आणि त्याची बढती त्याच वरिष्ठाच्या मर्जीवर. ब्रिटनने 2009 मध्ये वेगळा मार्ग धरला. 20 कोटी पौंडांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांत एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी टाकण्यात आली. कराचा हिशेब बिनचूक निघेल अशी व्यवस्था कंपनीत आहे, असे प्रमाणपत्र त्याने दर वर्षी द्यावयाचे आणि व्यवस्थेत त्रुटी असतील तर त्या नमूद करावयाच्या. कसूर झाल्यास 5 हजार पौंडांचा दंड कंपनीला नव्हे, त्याला स्वतःला. 2016 पासून मोठ्या कंपन्यांना आपले करविषयक धोरण जाहीर करणेही भाग पडले.

अशा तरतुदीने एक बळीचा बकरा तेवढा तयार होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. म्हणून जबाबदारीबरोबर संरक्षणही दिले पाहिजे. करप्रमुखाला लेखापरीक्षण समितीकडे थेट जाता यावे आणि त्या समितीच्या संमतीवाचून त्याला दूर करता येऊ नये. स्वतःची सही द्यावी लागते, हे ओझे खरे. पण वरिष्ठांच्या आग्रहापुढे 'ही सही मी करू शकत नाही' असे म्हणण्याचा आधारही तीच सही देते.

कर हा अखेर विश्वासावर चालतो. ज्याच्या पगारातून तो न विचारता कापला जातो, त्याला कापलेली रक्कम सरकारात पोहोचते आणि बलाढ्यही आपला वाटा उचलतात, असे दिसले पाहिजे. तो विश्वास टिकावयाचा असेल, तर कंपन्यांनी करप्रमुखाची बढती ठरविताना त्याने किती कर वाचविला, याआधी त्याने कोणत्या कागदावर सही करण्यास नकार दिला, हे विचारावयास शिकले पाहिजे. आणि तसा नकार देणाऱ्याची नोकरी शाबूत राहील, अशी तजवीज सरकारने कायद्यात केली पाहिजे.