नीलकंठाची घासाघीस

मोटारसायकलचा चकचकीत पाईप निळा पडला म्हणून ज्यांचा चेहरा पांढराफटक पडतो, त्यांची मला कीव येते. पण तो निळेपणा घालवायला जे रविवारी सकाळी फडकं घेऊन बसतात, त्यांचा मात्र मनापासून राग येतो. कीव मनात ठेवता येते. राग छापावा लागतो.

वास्तविक इंजिनच्या तोंडाशी असलेला तो बाक, ज्याला आपले मेकॅनिक प्रेमानं 'बेंड' म्हणतात, हा गाडीतला सर्वांत सोशिक अवयव. जळलेल्या पेट्रोलचा शेकडो अंशांचा फूत्कार पहिल्यांदा येतो तो त्याच्याच अंगावर. बुलेट घ्या, नाहीतर १९९६ साली जिचा म्हैसूरचा कारखाना बंद पडला ती जुनी येझदी घ्या. निळं पडायला सुरुवात होते ती इथूनच. शंकरानं हलाहल पचवलं तर आपण त्याला नीलकंठ म्हणून हात जोडतो. हा बिचारा रोज हलाहल पितो, तर आपण त्याचा गळा ब्रासोनं घासतो!

सल्लागारांचा तर सुकाळ. एक म्हणतो टूथपेस्ट लावा, दुसरा म्हणतो चिंच, तिसरा चुलीतल्या राखेवर ठाम. अहो, चिंच आजीच्या तांब्याच्या हंड्याला ठीक आहे. हा काही डाग नव्हे! क्रोमियम तापलं की हवेतला प्राणवायू घेऊन अंगावर एक अतिपातळ पापुद्रा धरतं. त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूनं परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचं इंद्रधनुष्य, तेच हे. पापुद्रा पातळ असेल तर पिवळसर, वाढला की जांभळट, मग निळा. लोहार पोलादी छिन्नीला पाणी देताना असेच रंग पाहतो. २२५ अंशांच्या आसपास गवती पिवळा, ३०० च्या सुमारास निळा. लोहाराला ती अक्षरं वाचता येतात. आपण शिकलेले लोक ती पुसतो.

कारण निळा रंग ही इंजिननं धाडलेली चिठ्ठी असते. आपल्याकडे मुलीला स्थळ बघताना पगार आणि गाडी बघताना 'अॅव्हरेज किती देते?' हे विचारल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. मग कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचं पेट्रोल मेकॅनिककडून इतकं आवळून घेतात, की इंजिन हवेवरच उपास काढतं आणि तापतं. ठिणगी उशिरा पडत असेल तर उरलंसुरलं जळण पाईपात जळतं. बेंडच्या तोंडाचं पॅकिंग फुटलं असेल तर तिथून हवा शिरते. काहीजण तर गाडी स्टँडवर लावून, गप्पा मारत, पंधरा मिनिटं नुसती घुरघुरत ठेवतात. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन ते. उभ्या गाडीला वारा कोण घालणार, शेजारी? हे सगळं सोडून पाईप घासणं म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर झटकून 'उतरला हो!' म्हणणं.

शिवाय घासता काय? क्रोमचा तो मुलामा बहुधा एक मायक्रॉनही जाड नसतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा! दर रविवारी घासाल तर निळ्याबरोबर क्रोमही जाईल, आणि मग येईल तो गंज. मग पाईप निघतो पुन्हा क्रोम करायला. इथं मात्र माझी थट्टा थांबते. त्या हौदात क्रोमिक आम्ल असतं. वाफा ओढणारी यंत्रणा नसली, की तिथल्या कामगाराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं, फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो. आपल्या पाईपाच्या गोरेपणासाठी कुणाच्या नाकाला भोक? हा शौक मला परवडत नाही.

तेव्हा आधी पॅकिंग बघा, टायमिंग बघा, इंजिनला पोटभर पेट्रोल द्या. मग अगदीच राहवत नसेल, तर थंड पाईपावर एकदाच मऊ कापडानं हलकं पॉलिश फिरवा. तरीही झाक राहिली, तर राहू द्या. धावणाऱ्या गाडीला थोडा निळेपणा येणारच. पांढराशुभ्र राहतो तो दुकानाच्या काचेमागचा पाईप.

आणि ते फडकं रविवारी मोकळं राहील, त्यानं घरातला पंखा पुसा. त्याबद्दल घरून तीनदा सांगून झालं असेल.