आधी पाण्याची जागा, मग घराची

पुणतांब्यात गोदावरीला गोदावरी म्हणणारे थोडेच. ‘गंगेला पाणी आलं’ असेच आपण म्हणतो. हे पाणी पुष्कळदा आपल्या आभाळातून आलेलेच नसते. इकडे ऊन असते, दोरीवर कपडे वाळत असतात आणि तिकडे नाशिकच्या डोंगरात संततधार लागलेली असते. गंगापूर, दारणा ही धरणे भरली की पाणी नांदूर-मधमेश्वर बंधाऱ्यातून सुटते आणि कोपरगाव, पुणतांबा करीत जायकवाडीकडे जाते. ऑगस्ट 2019 मध्ये या बंधाऱ्यातून पावणेतीन लाख क्युसेकपेक्षा अधिक पाणी सुटले होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. गुणाकार घरातल्या मुलांकडून करून घ्या.

हे सांगण्याचे कारण, गंगथडीला आता नव्या घरांची हौस वाढली आहे. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने नदीकडच्या जागेवर बंगल्याचा नकाशा काढला. नदीकडे मोठी काच, जमिनीलगत उंबरा, तळमजल्यावर दादीजानची खोली. दादीजानचे गुडघे दुखतात, म्हणून जोते उंच नको, असे मुलाचे म्हणणे. सुनेचे म्हणणे असे की पाणी आलेच, तर सर्वांत आधी दादीजानच्याच पलंगाखाली येईल. दोघांचेही बरोबर होते. नदीकाठचे घर बांधताना खरा पेच असतो तो हाच.

वाट आहे. जोते उंच घ्यावे आणि पायऱ्यांबरोबर उताराचा रस्ता करावा. बारा फुटांत एक फूट चढ, हे धोरण. पाच फूट जोत्याला साठ फूट उतार लागेल. तो अंगणाच्या कडेने वळवून घेता येतो. कठडा धरून दादीजानही चालेल आणि वेळ आली तर चाकाची खुर्चीही बाहेर निघेल.

पण जोते किती उंच? हा आकडा अंदाजाने ठरवू नये. जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधली जागा पाण्याची आहे. तिथे नव्या घराचा विचारच नको. दोन रेषांच्या मध्ये परवानगी मिळाली, तरी जोते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट वर घेण्याचा नियम आहे. प्लॉटचा व्यवहार करण्यापूर्वी हा नकाशा पाहावा. शेजारच्या बुजुर्गांना पाणी कुठवर आले होते ते विचारावे आणि भिंतीवरच्या जुन्या खुणा मोजून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे देते. पाया खाली पक्क्या मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल, तर बुडाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घेतात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी विकसित केली. जोत्यावर आणि खिडक्या-दारांच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घातला की चारही भिंती एकमेकींना धरून राहतात.

तिसरी गोष्ट दाबाची. भिंतीला टेकून एक मीटर पाणी उभे राहिले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे 500 किलोचा भार येतो. पाणी दुप्पट चढले की भार चौपट होतो. म्हणून नदीकडे सलग विटांचे कुंपण घालून पाणी अडवू नये. त्याला जाळीच्या वाटा ठेवाव्यात. नेदरलँड्समध्ये मासबोमेल येथे पुराबरोबर खांबांना धरून वर उचलली जाणारी घरे आहेत. आपल्याला तेवढा खर्च नको, पण पाण्याशी झुंजू नये हा धडा तोच.

बाकी कामे गवंडी आणि वायरमन यांच्याकडून सहज होतील. विजेचे मीटर आणि बटणांचे बोर्ड पूरपातळीच्या वर. संडासाच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे मैला उलटा घरात येणार नाही. पत्र्याचे छत असेल तर ते खिळ्यांवर न सोडता बोल्टने कैचीला जखडावे. वादळ पत्रा कडेकडून उचलते. धान्याची कोठी, सातबारा, मुलांचे दाखले आणि औषधे वरच्या मजल्यावर. गच्चीचा जिना सरळ आणि कठड्याचा असावा.

त्या कुटुंबाने नकाशा बदलला. मोठी काच गेली, तिचा पैसा जोत्यात गेला. फरशी साधी घेतली. दादीजानची खिडकी मात्र नदीकडेच आहे.

ज्यांच्या घरी बांधकाम निघाले असेल त्यांनी रंग आणि टाइल्स निवडायला बसण्याआधी एक संध्याकाळ काढावी. घरातल्या सर्वांना घेऊन एकच प्रश्न विचारावा: रात्री दोन वाजता पाणी आले आणि वीज गेली, तर कोण कोणाला कुठून वर नेईल? उत्तर कागदावर लिहावे आणि तो कागद मिस्त्रीला दाखवावा.