मेरेकू दो बच्चे हैं

माढ्याच्या बाजारात एखाद्याला विचारलं, 'मुलं किती तुम्हाला?' तर तो म्हणेल, 'दोन हायत.' या साध्या प्रश्नातला 'तुम्हाला' बघण्यासारखा आहे. इंग्रजी माणूस मुलं, पैसे, ताप, जमीन सगळं एकाच 'हॅव' या क्रियापदानं आपल्या खिशात घालतो. मराठीत असं क्रियापदच नाही. आपल्याकडे वस्तू 'असते', आणि ती कुणाला, कुणाकडे किंवा कुणाची, एवढंच आपण सांगतो.

पण ते सांगताना मराठी फार काटेकोर असते. 'मला दोन मुलं आहेत' म्हणजे ती माझी. 'माझ्याकडे दोन मुलं आहेत' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कुणाची? सोडचिठ्ठी झाली का, की बहिणीची सुट्टीला आली आहेत? 'मला दोन एकर आहे' असं म्हणणाऱ्याच्या नावावर सातबारा असतो. 'माझ्याकडे दोन एकर आहे' असं म्हणणारा ते वाट्यानंही करत असेल. ताप मात्र कधीच 'माझ्याकडे' नसतो, तो 'मला' असतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे चतुर्थी आणि षष्ठीच्या खाली दोन ओळींत आटपतं. प्रत्यक्षात यावर भाऊबंदकी चालते.

आता आमच्या मोहल्ल्यात या. घरात आम्ही म्हणतो, 'मेरेकू दो बच्चे हैं', 'मेरेकने पैसे नै', 'मेरेकू बुखार है'. उर्दू शाळेत गेलेल्या पोराला पहिल्याच वर्षी सांगितलं जातं की हे चूक आहे. 'मेरे दो बच्चे हैं' म्हण, 'मेरे पास' म्हण, 'मुझे' म्हण. मीही हे ऐकत मोठा झालो. 'ये कौन सी ज़बान है?' असं वर्गात विचारलं जायचं आणि सगळा वर्ग हसायचा. हसणाऱ्यांच्या घरीही तीच ज़बान होती.

'मेरेकू' ऐवजी 'मुझे' हा नुसता रूपातला फरक आहे, त्यावर मी भांडणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र फरक रचनेतला आहे. लखनौची उर्दू 'मेरे दो बच्चे' म्हणते, म्हणजे षष्ठी वापरते. आम्ही 'मेरेकू' म्हणतो, म्हणजे 'मला'. हे कुठून आलं? सोलापुरात कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला विचारा. तो म्हणेल, 'ननगे इब्बरु मक्कळु इद्दारे', मला दोन मुलं आहेत. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी विचारा. 'नाकु इद्दरु पिल्ललु उन्नारु', पुन्हा मला दोन मुलं आहेत. पैशाचं म्हणाल तर कन्नड माणूस 'नन्न हत्तिर' म्हणतो, तेलुगू माणूस 'ना दग्गर', मराठी माणूस 'माझ्यापाशी' आणि आम्ही 'मेरेकने'. चौघांचाही अर्थ 'माझ्या जवळ'. शब्द चार घरांतले, विटा वेगळ्या, पण घराचा नकाशा एकच. जी भाषा शेजाऱ्यांसारखं घर बांधते तिला मोडकी उर्दू का म्हणायचं? ती इथे वाढलेली भाषा आहे. आमच्या बोलण्यात 'च' येतो ('मैच आया था'), तोही मराठीचा, आणि तो आम्ही कुणाला परत देणार नाही.

गंमत म्हणजे त्याच पोराला संध्याकाळी मदरशात अरबी शिकवताना उस्ताद सांगतात, 'ली' म्हणजे 'मला', 'इंदी' म्हणजे 'माझ्याजवळ'. अरबीतही 'हॅव' नाही. 'ली वलदान', मला दोन मुलगे. 'इंदी माल', माझ्याजवळ पैसा. अरबीत हे कानाला गोड लागतं आणि 'मेरेकू', 'मेरेकने' म्हटलं की अडाणीपणा होतो. रचना तीच, फक्त इज्जत वेगळी.

भाषेच्या इज्जतीचा हा प्रकार आपल्याकडेच आहे असंही नाही. काँगो नदीकाठची लिंगाला घ्या. किन्शासातला माणूस 'माझ्याकडे पैसे आहेत' याला 'नझाली ना म्बोंगो' म्हणतो. शब्दशः, मी पैशासोबत आहे. मुलं असली तरी तो मुलांसोबत आहे, भूक लागली तरी 'नझाली ना न्झाला', भुकेसोबत आहे. 'माझं घर' म्हणजे 'न्दाको या ङ्गाई', आणि तिथला 'या' म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त तो बोलताना सहसा बदलत नाही. स्वाहिलीसारख्या नातलग भाषांत हा दुवा नामाच्या वर्गाप्रमाणे रूपं बदलतो. लिंगालात तो झिजला, कारण ती व्यापाऱ्यांच्या नावांवर आणि शिपायांच्या छावण्यांत वाढली. 1901 नंतर एजीद दे बूक या बेल्जियन मिशनऱ्याला ही भाषा फारच मोडकी वाटली. त्यानं तिला 'शुद्ध' करायला घेतलं, वर्गांची जुळणी परत घातली, 1904 मध्ये व्याकरण छापलं. ते रूप शाळेत आणि चर्चमध्ये चाललं. किन्शासाच्या बाजारात लोक आपलंच बोलत राहिले, आणि आज लिंगाला म्हणून जगभर गाण्यांतून ऐकू येते ती मुख्यतः बाजारातली.

दखनीचाही जन्म छावणी, बाजार आणि खानकाहांतला. तिला मात्र मिशनरी बाहेरून आला नाही. तो आमच्यातूनच निघाला.

आणि मोहल्ल्याबाहेर पडलो की दुसरं टोक. 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला माहीत आहे. पण या 'तुमचं'मध्ये एक 'आमचं' लपलेलं आहे. अमर शेखांचा जन्म इथून जवळच बार्शीचा, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज गावोगाव गेला. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली आमच्याच सोलापुरात भरलं. मराठीत 'आमचं' आणि 'आपलं' असे दोन शब्द आहेत, हिंदीला एका 'हमारा'त भागवावं लागतं. आम्हाला 'आपलं' पुरे आहे.

उलट मालकीचा विषय निघाला की मराठीला आमच्याकडूनच उसनं घ्यावं लागलं. मालक, हक्क, कब्जा, वारस, इनाम हे सगळे अरबी शब्द. सातबाऱ्यावर तर 'भोगवटादार' आहे, अर्धा संस्कृत, अर्धा फारसी, आणि तलाठ्यापासून कोर्टापर्यंत कुणालाही तो अशुद्ध वाटत नाही. 'मेरेकू' मात्र अशुद्ध.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण 2027 ची जनगणना. त्यात मातृभाषा विचारतील. 2011 च्या मोजणीत महाराष्ट्रात मुसलमान 11.5 टक्के होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे 7 टक्क्यांहून कमी. त्याच जनगणनेच्या यादीत 121 भाषा आहेत, दखनी त्यात नाही. मोहल्ल्यातले शिकलेले लोक म्हणतात, उर्दूच लिहा, नाहीतर आकडा घटेल आणि उर्दू शाळांवर गदा येईल. ही भीती खोटी नाही. शाळा बंद पडल्या तर पहिला फटका आमच्या मुलींना बसेल, कारण त्यांना दूरच्या शाळेत पाठवायला घरचे तयार नसतात.

तरीही माझं मत वेगळं आहे. शाळा टिकवायची तर पटसंख्येवर आणि शिकवण्यावर भांडा, अम्मीच्या बोलीचं नाव लपवून नको. शिवाय मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा जनगणनेत नोंदवता येतात. मी दखनी सांगणार आहे, तिच्याखाली मराठी आणि उर्दू. दिल्लीत बसलेला अधिकारी माझी दखनी उचलून उर्दूच्या खात्यात टाकेल कदाचित. टाकू दे. प्रगणक माढ्याच्या आमच्या दारात येईल आणि विचारेल, 'मातृभाषा कोणती तुम्हाला?' तेव्हा त्याच्या कानावर तरी ते नाव पडेल.